लिपीची किल्ली

वाशीम हें नांव आज एका जिल्ह्याचें ठाणें म्हणून सर्वांस माहीत आहे. परंतु ज्यास प्राचीन इतिहासाची थोडीबहुत गोडी आहे त्याच्या मनांत वाशीम म्हटलें कीं प्रथम वत्सगुल्म उभें राहतें. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखरानें काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरांत लावून दिला आहे. त्यामुळें साहित्याचें लग्नघर आमच्याच वेशीच्या आंत आहे असा अभिमान आम्हां वाशीमकरांस वाटला तर तो क्षम्य समजावा. याच वाशिमास १९३९ सालीं चार पत्र्यांचा एक ताम्रपट उजेडांत आला. दुसऱ्या विंध्यशक्तीनें आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिलेली ती दानाची सनद आहे. तिच्यांतील वंशावळीचा भाग संस्कृतांत व दानाचा मुख्य तपशील प्राकृतांत आहे. सुमारें सोळाशें वर्षें ते पत्रे जगास अज्ञात राहिले. पण ज्या दिवशीं ते विद्वानांच्या हातीं पडले त्या दिवसापासून त्यांचें वाचन सुरू झालें, त्यास फार काळ लागला नाहीं. कारण उघड आहे. ब्राह्मी लिपीची किल्ली १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें जगापुढें ठेविली, तेव्हांपासून ती कोणा एकाच्या कनवटीस राहिली नाहीं. ज्याची इच्छा असेल त्यानें शिकावी, ज्यास चूक दिसेल त्यानें दुरुस्त करावी, असा तो मामला आहे.

आतां दुसरें चित्र पाहावें. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वाशीम जिल्हा निराळा झाला. नव्या जिल्ह्याचा कांहीं इतिहास आपल्या हातून लिहिला जावा या उमेदीनें आम्हीं व आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढील दोन वर्षें वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांतील वृद्धांच्या आठवणी उतरून घेतल्या. १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमीवर खडी फोडलेल्या बाया होत्या. जिनिंगच्या कारखान्यांत उमर घालविलेले मजूर होते. १९४७-४८ सालीं पैनगंगा ओलांडून निजामाच्या मुलुखांतून वऱ्हाडांत आश्रयास आलेल्या घरांतील माणसें होतीं. हीं सारीं बोललीं, आम्हीं लिहून घेतलें, आणि तें सारें त्या वेळच्या रीतीप्रमाणें संगणकावर टंकून ठेविलें. मूळ वह्यांस पुढें वाळवी लागली. त्याचें आम्हांस फारसें वाईट वाटलें नाहीं. संगणकांत प्रत आहे या भरंवशावर आम्ही स्वस्थ होतों.

२०१९ सालीं ती प्रत काढून पाहिली तों पडद्यावर इंग्रजी अक्षरें, आंकडे व चित्रविचित्र चिन्हें यांचा नुसता खच दिसूं लागला. ज्या प्रणालींत तें टंकलें होतें तिचें नांव घेण्याचें कारण नाहीं. त्या काळीं अशा अनेक होत्या आणि त्या सर्वांचा प्रकार एकच होता. मराठी अक्षरांचीं चित्रें इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसवावयाचीं, कोणतें चित्र कोणत्या जागीं तें मात्र ज्याचें त्यानें आपल्या मनाप्रमाणें ठरवावयाचें, आणि यंत्राच्या पाठीस एक लहानशी किल्ली खोंचल्याशिवाय प्रणाली उघडूं द्यावयाची नाहीं. आमची ती किल्ली जुन्या यंत्राबरोबर निकामी झाली होती. नव्या यंत्रास तिच्यासाठीं भोंकसुद्धां नव्हतें. ज्यांनीं आठवणी सांगितल्या त्यांपैकीं बहुतेक मंडळी एव्हांना देवाघरीं गेली होती. सोळाशें वर्षांचें तांबें वाचतां येतें आणि वीस वर्षांची आमची स्वतःची मराठी वाचतां येत नाहीं, ही गोष्ट इतिहासाच्या अध्यापकास जितकी लागावी तितकी लागली. लिनक्सकडे आम्ही वळलों तें या दुःखाच्या वाटेनें. तेव्हां त्याची कथा सांगतांना लिपीची कथा मध्यें मध्यें येईल, ती वाचकांनीं चालवून घ्यावी.

यंत्र आणि देवनागरी यांचें भांडण आजचें नव्हे. केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें, तेव्हांपासून जोडाक्षरांचा हा पसारा शिशाच्या खिळ्यांत कसा बसवावा या विवंचनेंत छापणारे पडले. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग छापून ही अडचण टाळली. जावजी दादाजी व राणोजी रावजी आरू या जोडीनें निर्णयसागरासाठीं सुंदर खिळे पाडून ती सोडविली. परंतु जुळाऱ्यापुढें शेंकडों खणांची पेटी पसरलेली असे. पुढें टंकलेखनयंत्र आलें, लायनोटाइप आलें, आणि या यंत्रांच्या कळा मोजक्या. मग लिपीनेंच आपलें अंग चोरावें असा आग्रह सुरू झाला. टिळकांनीं केसरीसाठीं खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली. सावरकरांनीं अ ची बाराखडी पुढें मांडिली. त्या मोठ्या माणसांचा हेतु शुद्ध होता, आणि त्यांच्यापुढें दुसरा मार्गही नव्हता. पोलादास वांकविणें हें साध्या गृहस्थाच्या हातचें काम नाहीं, लेखणी वांकविणें हातचें आहे. म्हणून लेखणीनें वांकावें असा तो न्याय होता.

संगणकानें या न्यायाची उलटापालट केली. येथें यंत्राचें पोलाद एकच, आणि त्याचा स्वभाव ठरविणारें सर्व कांहीं लिखाण. जें लिहिलेलें आहे तें खोडून पुन्हां लिहितां येतें. अर्थात् यंत्र आतां लिपीपुढें वांकूं शकतें. प्रश्न उरतो तो इतकाच कीं, तें लिखाण वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार कोणास आहे. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थास हा प्रश्न एका छपाईच्या यंत्रानें घातला. त्यांत कागद अडकला कीं कोणास पत्ता लागत नसे. स्टॉलमन यांस यंत्राच्या लिखाणांत थोडी भर घालून ही खोड काढावयाची होती. परंतु तें लिखाण पाहूं देण्याचें नाकारण्यांत आलें. पुढें सप्टेंबर १९८३ मध्यें त्यांनीं ग्नू या नांवानें एक संपूर्ण मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि तिच्यासाठीं जें परवानापत्र तयार झालें तें आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत नवलाचा लेख आहे. आमच्या जुन्या दानपत्रांत राजा गांव देतो, तो आचंद्रार्क देतो, आणि पुढें कोणीं तो हिरावून घेऊं नये म्हणून शाप घालून ठेवितो. या परवानापत्रांतही देणारा देतांनाच अट घालतो: हें लिखाण चालवा, वाचा, बदला, दुसऱ्यास द्या, मात्र दुसऱ्यास द्याल तेव्हां मूळ संहितेसह व याच अटींवर द्या. शापाच्या जागीं कायदा आला, एवढाच फरक.

१९९१ हें साल या कथेंत तीन वेळां येतें. त्या वर्षीं २५ ऑगस्ट रोजीं हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टोर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण हौसेखातर एक लहानशी प्रणाली लिहीत असल्याचें जाहीर केलें. पुढच्याच वर्षीं ती वर सांगितलेल्या दानपत्राखालीं आली, आणि ग्नूच्या तयार असलेल्या साहित्यास तिच्या रूपानें हवा असलेला गाभा मिळाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली आणि जगांतील लिप्यांच्या त्या सामाईक यादींत देवनागरीस कायमच्या जागा मिळाल्या. आणि त्याच वर्षीं आमच्याकडे इस्की या नांवाचें भारतीय लिप्यांचें प्रमाण मानक-संस्थेनें मान्य केलें. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें जें संशोधन सुरू झालें व पुण्याच्या सी-डॅकनें जें पुढें नेलें त्याचें तें फळ. तिन्ही गोष्टी एकमेकींस अनोळखी. त्यांची भेट व्हावयास आणखी दहा-बारा वर्षें जावीं लागलीं.

पडद्यावर कागद, पेट्या, घड्याळ मांडून त्यास मेजाचें रूप देणाऱ्या ज्या रचनेस डेस्कटॉप म्हणतात, ती लिनक्सवर मागाहून आली. १९९६ सालीं जर्मनींत केडीई सुरू झालें, १९९७ सालीं मेक्सिकोंतील दोघां तरुणांनीं ग्नोम आरंभिलें. दुसऱ्याची गरज कां पडली याचें उत्तर आमच्या विषयास धरून आहे: केडीई ज्या पायावर उभें होतें तो पाया तेव्हां पुरता मुक्त नव्हता, किल्ली एका कंपनीच्या हातीं होती. घर सुंदर असून जोतें दुसऱ्याच्या नांवावर असावें हें ज्यांस रुचलें नाहीं त्यांनीं दुसरें घर बांधिलें. या ग्नोमच्या सोबतीनेंच पँगो नांवाचें एक साधन वाढलें. ग्रीक पॅन म्हणजे सर्व आणि जपानी गो म्हणजे भाषा. या दोहोंपासून हें नांव झालें आहे. अक्षरांच्या सांकेतिक जागा घेऊन त्यांचीं जोडाक्षरें, वेलांट्या, रफार योग्य ठिकाणीं बसविणें हें त्याचें काम. जुळाऱ्याचें जें कसब निर्णयसागरांत बोटांत होतें तें येथें उघड्या लिखाणांत उतरलें. पुढें २००४ सालीं रेड हॅट कंपनीनें लोहित नांवाचीं भारतीय लिप्यांचीं अक्षरवळणें मुक्त परवान्यानें दिलीं. २००७ सालीं सी-डॅकनें बॉस नांवाची भारतीय लिनक्स काढिली. आणि पुण्या-मुंबईकडील कांहीं हौशी व कांहीं पगारी मंडळींनीं ग्नोम व केडीई यांच्या हजारों पाट्या मराठींत आणिल्या.

एवढें झालें तरी आम्हां वऱ्हाडी लोकांस आमच्या प्रांताचें नांव धड लिहितां येईना, ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. मराठींत र चें अर्धें रूप दोन प्रकारचें आहे. 'आचार्यास दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा दिली' या दोन वाक्यांत दक्षिणा दोन निराळ्या माणसांच्या पदरांत पडते. दर्या आणि दऱ्या यांत तर समुद्र व डोंगर इतकें अंतर आहे. पहिल्या प्रकारास रफार पुरतो. दुसऱ्यास ती आडवी, डोळ्याच्या पापणीसारखी खूण लागते. हिंदीस या खुणेची गरज पडत नाहीं, म्हणून ज्यांनीं देवनागरी म्हणजे हिंदी असा हिशेब धरिला त्यांच्या ध्यानांत ती राहिली नाहीं. इस्कीनें तिच्यासाठीं खालीं टिंब असलेला ऱ व हलंत अशी जोडी योजिली होती. १९९६ च्या युनिकोडांत मात्र साधा र, हलंत व एक अदृश्य सांधणारें चिन्ह अशी निराळी रीत सांगितली. पुढल्या आवृत्तींत ऱ चीच रीत मुख्य ठरली व जुनी रीत सांभाळून घेतली. ज्यांस दोन्ही माहीत नव्हत्या त्यांनीं मध्यें आडवी रेघ ओढून 'व-हाड' असें लिहून वेळ मारून नेली; वर्तमानपत्रांतूनही हा तोडलेला वऱ्हाड पुष्कळ दिवस दिसत असे. परिणाम असा कीं, एकाच शब्दाचे तीन शब्द झाले. पहिले दोन डोळ्यांस सारखे, यंत्रास निराळे. एकाचा शोध घ्यावा तर दुसरा सांपडत नाहीं. हाच प्रकार ॲ चा. हें अक्षर युनिकोडांत २००८ सालीं दाखल झालें. तोंवर लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवीत, आणि पुष्कळ पडद्यांवर तो चंद्र बापडा एका टिंबांच्या वर्तुळावर बसलेला दिसे. ल व श यांचींही मराठी व हिंदी वळणें निराळीं. २००९ सालीं महाराष्ट्र शासनानें मराठी वर्णमालेसंबंधीं निर्णय काढून मराठी वळणें प्रमाण म्हणून सांगितलीं, परंतु शासननिर्णयानें पडद्यावरचा ल बदलत नाहीं. तो बदलण्यासाठीं कोणीतरी अक्षरवळणाच्या पोटांत शिरून 'भाषा मराठी असेल तर पाकळीचा ल काढ' असें लिहून ठेवावें लागतें, आणि मुक्त अक्षरवळणांत तें लिहितां येतें.

आतां आमच्या स्वतःच्या मेजाकडे वळूं. १४ जानेवारी २०२० रोजीं विंडोज ७ ची देखभाल बंद झाली. आमचें यंत्र २००९ सालचें. त्यास नवीन प्रणालीचा भार सोसवेना आणि आमच्या खिशास नवीन यंत्राचा. मार्चांत टाळेबंदी झाली, महाविद्यालय बंद पडलें, आणि रिकामपणींच्या त्या दिवसांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें फोनवरून एकेक पायरी सांगत त्या यंत्रावर आम्हांकडून डेबियन बसवून घेतलें. डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई हा हलका प्रकार निवडला. पहिले आठ दिवस परगांवीं बिऱ्हाड केल्यासारखें वाटलें. ज्या कोपऱ्यांत हात जाई तेथें वस्तु नसे. मग हळूहळू कळूं लागलें कीं येथें वस्तु हवी तेथें हलवितां येते. बिऱ्हाड भाड्याचें नाहीं, खिळा ठोकावयास घरमालकास विचारावें लागत नाहीं. खालची पट्टी वर नेली. चष्म्याच्या मानानें अक्षर मोठें केलें. मागें पद्मतीर्थाचें एक छायाचित्र लाविलें. घड्याळास वार व महिना मराठींत सांगावयास लाविलें. कॅप्स लॉकची कळ, जिचा आम्हांस आयुष्यांत राग आणण्यापलीकडे उपयोग झाला नव्हता, ती इंग्रजी-मराठीची अदलाबदल करण्याच्या कामास लाविली.

कळफलक म्हणून इनस्क्रिप्टच घ्यावा असा विद्यार्थ्याचा हट्ट. १९८६ सालीं ठरलेली ही मांडणी आम्ही पन्नाशीच्या जवळ येऊन शिकलों. स्वर डाव्या हातास, व्यंजनें उजव्या हातास; तिचें शास्त्र एकदां ध्यानांत आलें कीं बोटें आपोआप चालूं लागतात. बी दाबला कीं व, शिफ्टसह जे दाबला कीं ऱ, डी नें हलंत, यू नें ह, ई नें काना आणि चौकटी कंसाच्या कळेनें ड. या सहा अक्षरांनीं पडद्यावर 'वऱ्हाड' हा शब्द न तुटतां, पापणीसह, प्रथम उमटला तेव्हां आम्ही घरांतील मंडळींस बोलावून दाखविला. त्यांस त्यांत विशेष कांहीं दिसलें नाहीं, आणि तेंही बरोबरच आहे. आपल्या गांवाचें नांव नीट लिहिलें जाणें यांत विशेष कांहीं वाटूं नये, हीच खरी सुस्थिति.

एक गोष्ट गमतीची सांगतों. आमचें लेखन जुन्या वळणाचें; १९६२ सालच्या नियमांनीं जे अनुस्वार गेले ते आमच्या हातून अद्याप गेलेले नाहींत. शब्दतपासणी करणारा कारकून आमच्या प्रत्येक अनुस्वाराखालीं तांबडी रेघ ओढी. पान पाहावें तों जणूं परीक्षकानें नापास केलेला पेपर. विद्यार्थ्यानें सांगितलें कीं लिब्रेऑफिसांत स्वतःचा शब्दसंग्रह एका साध्या मजकुराच्या फाइलींत असतो. आम्ही ती उघडली आणि संध्याकाळीं दहा-वीस शब्द याप्रमाणें तिच्यांत भर घालीत गेलों. आतां कारकून निमूट आहे. नियम खरा कोणता हा वाद निराळा; पण आमच्या मेजावर आम्हांस आमच्या रीतीनें लिहूं देण्यास यंत्राची हरकत नसावी, एवढें स्वातंत्र्य आम्हांस मोलाचें वाटतें.

आणि त्या बंद पडलेल्या आठवणींचें काय झालें? त्या दोनशें पानांपैकीं नऊ पानें पूर्वीं छापून एका फडताळांत पडलीं होतीं, तीं सांपडलीं. विद्यार्थ्यानें बंद फाइल साध्या संपादकांत उघडली, आणि छापील पानावरील मराठी व पडद्यावरील चिन्हांचा खच यांची ओळीस ओळ लावून पाहावयास आरंभ केला. प्राचीन लिप्या वाचणारे द्विभाषिक लेखांवरून जें करीत तेंच हें काम. एका फाइलींत दोन रकाने पाडिले: डावीकडे चिन्ह, उजवीकडे मराठी अक्षर. पंधरा दिवसांत यादी पुरी झाली. पण यादीनें भागेना. जुन्या प्रणालींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं टंकलेली, युनिकोडांत ती नंतर यावी लागते. रफार तेथें अक्षराच्या नंतर, येथें आधीं. त्यासाठीं त्यानें क्रम फिरविणाऱ्या कांहीं ओळी लिहिल्या. पहिल्या खेपेस सगळें बरें निघालें, फक्त वऱ्हाड सगळीकडे 'वहाड' झाला. पापणीच्या खुणेची जागा यादींत राहून गेली होती. ती भरली, आज्ञा पुन्हां दिली, आणि कांहीं क्षणांत दोनशें पानें मराठी झालीं.

त्या रात्रीं आम्ही तीं पानें वाचीत बसलों. मानोऱ्याकडील एक म्हातारी, जिनें दुष्काळांत खडी फोडतांना झालेल्या लेकराची गोष्ट आम्हांस सांगितली होती, ती वीस वर्षांनीं पुन्हां बोलूं लागली. तिच्या बोलींतले शब्द, 'जाऊन राह्यलो', 'करून राह्यली', जसेच्या तसे. असली गोष्ट कोणत्याही प्रणालीवर करतां आली असती, हें आम्ही कबूल करतों. यादी व आज्ञा यांस लिनक्सच लागतें असें नाहीं. पण झाकलेलें उघडून पाहावें, दोन रकाने पाडावे, चुकलें तर पुन्हां लिहावें, ही संवय त्या मुलास जेथें लागली तें घर हें होतें. आणि आतां तीं पानें साध्या युनिकोड मजकुरांत आहेत, सोबत यादीची फाइलही ठेविली आहे. पन्नास वर्षांनीं कोणास लागली तर तिला किल्ली शोधीत फिरावें लागणार नाहीं.

एकपक्षीपणा होऊं नये म्हणून उणीवाही सांगितल्या पाहिजेत. आमच्या जुन्या स्कॅनरनें लिनक्सशीं बोलण्याचें साफ नाकारिलें. तो अजून कपाटावर बसून आहे. कचेरींतून आलेला तक्ता आमच्याकडे उघडला कीं रकाने कधीं कधीं अंग टाकतात, आणि परत पाठविला कीं तिकडचे लोक आमच्याकडे संशयानें पाहतात. मराठी पाट्यांचें काम अर्धें झालें आहे. एका यादींत तीन ओळी मराठी तर चौथी इंग्रजी, अशी खिचडी ठिकठिकाणीं लागते. कांहीं शब्द इतके संस्कृत कीं पंडितानें अडखळावें. आम्हीं स्वतः सहा महिने मराठी पाट्या वापरून पुन्हां इंग्रजीकडे वळलों, ही कबुली देतांना लाज वाटते. तीस वर्षांची इंग्रजी संवय सुटत नाहीं. परंतु आमच्या विभागांतील शिपायास, ज्याचें शिक्षण सातवीपर्यंतचें आहे, आम्हीं त्याच यंत्रावर निराळें खातें मराठी पाट्यांचें करून दिलें. तो आतां हजेरीचा तक्ता स्वतः भरतो आणि विचारावयास येत नाहीं. आमची इंग्रजी विद्या हा मापदंड नव्हे, हें त्यावरून आम्हांस कळलें. भाषांतर कोणासाठीं करावयाचें असा प्रश्न जे विचारतात त्यांनीं एकदां त्याच्या खुर्चीमागें उभें राहून पाहावें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाटी चुकली असेल तर ती सुधारण्याचा अधिकार सर्वांस आहे, हें खरें. पण सुधारतो कोण? अधिकार आहे आणि हात नाहींत अशी मराठीची अवस्था आहे. आमच्याच जिल्ह्यांत कारंजा येथील जैन भांडारांत अपभ्रंशाच्या पोथ्या शतकानुशतकें नीट राखल्या गेल्या; पण त्या जगास माहीत झाल्या त्या १९३० च्या दशकांत, जेव्हां हिरालाल जैन व प. ल. वैद्य यांच्यासारख्या विद्वानांनीं बसून त्या संपादिल्या. भांडार उघडें असणें ही पहिली पायरी. आंत जाऊन बसणारा माणूस ही दुसरी. पहिलीवाचून दुसरी होत नाहीं, आणि पहिलीनें दुसरी आपोआप होतही नाहीं. महाराष्ट्रांतील महाविद्यालयें दरसाल हजारों संगणक-पदवीधर बाहेर पाडतात; त्यांपैकीं थोड्यांनीं जरी एका सुट्टींत शंभर पाट्या नीट मराठींत आणिल्या तरी ही खिचडी निवडून निघेल. त्यांस मराठी शिकविणारे आम्हीं अध्यापकांनीं शब्द पुरवावे. हें काम आम्हीं गेल्या वर्षापासून आमच्या वर्गांत सुरू केलें आहे. प्रगति हळू आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची देखभालही बंद झाली आणि आमच्या ओळखीचीं आणखी कांहीं यंत्रें अडगळींत जाण्याच्या पंथास लागलीं. त्यांपैकीं चार आम्हीं मागून आणिलीं आहेत आणि तीं डेबियनवर चालतात. एकावर गेल्या आठवड्यांत रिसोडकडील एक मुलगी आपल्या आजीच्या आठवणी टंकीत बसली होती. तिनें विचारलें, "सर, हें नंतर उघडेल ना?" आम्हीं तिला फाइल कोठें आहे, कोणत्या रूपांत आहे आणि यंत्र मोडलें तर दुसऱ्यावर कशी न्यावी, तें दाखविलें. ताम्रपट खोदणाऱ्यानें सनद घेणाऱ्याच्या हातीं पत्रे दिले असतील, तेव्हां यापेक्षां अधिक तो तरी काय सांगूं शकला असता?